गाडी पाण्यात बुडाली होती हे सांगायचं कुणी?

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी मोबाईलवर जुनी गाडी पसंत करून बसलं असेल तर पूर्ण वाचा.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार हे त्याचं कॉलेजपासूनचं खूळ. (कंपनीचं नाव घेत नाही, दोष गाडी बनवणाऱ्याचा नाही.) गेल्या महिन्यात त्याला बेंगळुरूची एक लाल गाडी ऑनलाइन सापडली. २०१८ ची, सिंगल ओनर, ३१ हजार किलोमीटर, साडेतेवीस लाख. पठ्ठ्याने फोटो बघून पन्नास हजार टोकन पाठवलं आणि मग मला फोन केला. "मामा, आणायला येणार का? येताना आळीपाळीने चालवू."

मी सांगलीत २६ वर्षं गॅरेज चालवतोय. म्हटलं, "येतो. पण आधी तपासणार, मग चालवायचं बघू."

मिरजेहून राणी चन्नम्मा पकडून बेंगळुरू गाठलं. विकणाऱ्याला आदल्या दिवशी बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. जाऊन बॉनेटवर हात ठेवला तर गरम. थंड गाडी पहिल्या स्टार्टला जे बोलते, ते गरम झाल्यावर बोलत नाही. तिथंच पहिली पाल चुकचुकली.

कागद बघितले. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळला, कर्जाचा बोजा नाही. पण इन्शुरन्सच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य. एकही ओरखडा नाही म्हणता, मग बोनस गेला कुठं? म्हणे, मध्ये पॉलिसी लॅप्स झाली होती. असू शकतं. पुढं गेलो.

स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नाही! पण गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या चालता चालता करून घेते, त्यातल्या बऱ्याच अपुऱ्या दिसत होत्या. म्हणजे मेमरी नुकतीच पुसलेली. घरात पाहुणे यायच्या आधी झाडू मारतात तसं.

मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. रोज वापरतो तेवढा पट्टा स्वच्छ. आत गुंडाळून राहतो त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले. डिकीतला कार्पेट उचलून खालच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, बोटाला मऊ, बारीक गाळ.

भाचा म्हणाला, "मामा, धूळ असेल."

अरे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा आमचं अर्धं गाव पाण्यात होतं. धूळ कुठली आणि पुराचा गाळ कुठला हे सांगलीच्या मिस्त्रीला शिकवायचं नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूत बंगल्यांच्या आवारात महागड्या गाड्या पाण्यात गेलेल्या आपण टीव्हीवर बघितल्या. ही त्यातलीच असं मी म्हणत नाही, ते मला सिद्ध करता येणार नाही. पण ही गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात बसून आली आहे, यात मला शंका नाही.

विकणाऱ्याला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही विचारलंत कुठे?"

मित्रांनो, ही पोस्ट त्या एका वाक्यासाठी आहे.

कारण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. आपला माल विक्रीचा कायदा १९३० सालचा, इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम १६ वाचा. साधा नियम असा की मालाच्या दर्जाची हमी गृहीत धरायची नाही, घेणाऱ्याने बघून घ्यावं. विकणारा त्या मालाचा व्यापारी असेल तर थोडं संरक्षण आहे. पण तिथंही मेख आहे: माल तुम्ही तपासला असेल, तर तपासणीत जे दिसायला हवं होतं त्या दोषाबद्दल नंतर बोलता येत नाही. म्हणजे पाच मिनिटं बघून, टायरला लाथ मारून 'मस्त आहे' म्हटलंत की स्वतःच्या हाताने दार बंद केलंत. फसवणूक झाली म्हणून कोर्टात जाता येतं, पण त्याला माहीत होतं हे सिद्ध करायचं तुम्ही. आणि ज्या साइटवर गाडी बघितली ते म्हणणार, आम्ही फक्त व्यासपीठ. टोकन? 'अटींमध्ये लिहिलंय, परत मिळत नाही.'

आता कुणी म्हणेल, साडेतेवीस लाखांची लाल गाडी घेणाऱ्याचे चोचले, आम्हाला काय त्याचं? थांबा. त्या पोराला मामा मिस्त्री होता. फायनान्स काढून तीन लाखांची जुनी हॅचबॅक घेणाऱ्या, तिच्यावर पोट भरू पाहणाऱ्या माणसाला कोण आहे? पाण्यात बसलेल्या गाडीचं वायरिंग आणि कनेक्टर आतून सडतात. आज सगळं चालतं, सहा महिन्यांनी एबीएस बंद पडतं, एअरबॅग वेळेला उघडेल याची खात्री राहत नाही. आणि असली गाडी हा सहाशेहून जास्त किलोमीटर हायवेनं, माझ्याशी गप्पा मारत, घरी आणणार होता.

आता माझंही सांगतो, नाहीतर ही पोस्ट खोटी होईल.

२०१९ च्या पुरानंतर माझ्या गॅरेजमध्ये अकरा गाड्या आल्या. मी धुतल्या, वाळवल्या, कार्पेट बदलले, चालू करून दिल्या. ते माझं काम होतं. त्यातली एक पांढरी सेडान चार महिन्यांनी पुण्यात विकायला लागलेली बघितली. 'नॉन ॲक्सिडेंट, उत्तम कंडिशन.' मालक ओळखीचा, गिऱ्हाईक जुनं. मी गप्प बसलो. मलाही कुणी विचारलं नव्हतं. बेंगळुरूत त्या माणसाचं उत्तर ऐकलं तेव्हा मला ती पांढरी गाडी आठवली. कुणी घेतली असेल, ठाऊक नाही.

म्हणून म्हणतो, हा विषय माणसांच्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही. मी स्वतःला प्रामाणिक समजतो, आणि मीच गप्प बसलो.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. पास की नापास, काय दोष निघाले, मीटर किती होतं, हे सगळं नंबर टाकला की सरकारी साइटवर कुणालाही फुकट दिसतं. मीटर मागे केलं की पुढच्या वर्षी आकडाच चुगली करतो. अमेरिकेत अनेक राज्यांत पुरात गेलेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच तसा शिक्का बसतो. तिथंही लबाड आहेतच. पण निदान घेणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे.

आपल्याकडे 'वाहन'वर नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा दिसतो. गाडी बुडाली होती का, विमा कंपनीने टोटल लॉस धरली होती का, हे दिसत नाही. ही माहिती विमा कंपन्यांकडे आहे की! क्लेम काय तोंडी देतात? धंदेवाल्याने जुनी गाडी विकली की त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी घ्यायला सरकार हजर. परराज्यातली गाडी इथं आणली की रोड टॅक्स घ्यायला हजर. पैसे घेताना सिस्टीम बरोबर चालते, माहिती देतानाच कशी बंद पडते?

मागण्या तीनच. एक, टोटल लॉस आणि पुराच्या क्लेमची नोंद 'वाहन'वर सगळ्यांना दिसू द्या. दोन, प्रत्येक पीयूसीला मीटरचं रीडिंग नोंदवा आणि तेही दाखवा. तीन, गाडी प्रत्यक्ष तपासायच्या आधी घेतलेलं टोकन परत करणं सक्तीचं करा. यातलं एकही काम चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. आपल्या आमदार-खासदारांना विचारा. निवडणूक नसतानाही विचारा.

तोवर आपली काळजी आपण घ्या. गाडी न बघता रुपयाही देऊ नका. विकणाऱ्याला तोंडी नको, मेसेजवर लिहून विचारा: 'गाडी पाण्यात गेली होती का? मोठा अपघात, क्लेम झाला होता का?' आणि उत्तर जपून ठेवा. सीटबेल्ट पूर्ण ओढा, कार्पेट उचला, गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. चासी नंबरावरून सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद मागा. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: विमा तुमच्या नावावर होईपर्यंत थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. वाटेत ठोकली तर खर्च तुमचा. किल्ली घ्यायच्या आधी ते काम करा.

आम्ही गाडी सोडली. पन्नास हजार गेले. रात्रीच्या बसने परत येताना भाचा बेळगावपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, ती गाडी आता दुसरा कुणीतरी घेईल ना?"

घेईलच. जाहिरात अजून तशीच आहे, फक्त किंमत पन्नास हजारांनी उतरलीय.