अल ख्वारिज्मीचे गोडवे पुरे, फेलोशिपचे बोला

बारावीचा आणि इंजिनियरिंगचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये सत्कार समारंभ सुरू होतात. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होते आणि भाषणात अल ख्वारिज्मी हमखास येतो. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, अल्जेब्रा त्याच्या ग्रंथावरून आला, म्हणजे संगणक आपलाच, असा निष्कर्ष निघतो. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी सत्कार झालेला मुलगा जावाचा क्लास लावतो आणि वर्षभरात एखाद्या सर्व्हिस कंपनीत टेस्टिंगला बसतो.

नोकरीला माझा आक्षेप नाही. मीही तीच करतो. आक्षेप त्या भाषणाला आहे, कारण गोष्टीचा अर्धा भाग त्यात येत नाही. नवव्या शतकात अल ख्वारिज्मी बगदादमध्ये बसून गणित करू शकला, कारण त्याच्यामागे खलिफा अल मामूनच्या दरबाराचा आश्रय होता. पुढच्या महिन्याचे भाडे कुठून आणायचे ही काळजी कोणीतरी दुसऱ्याने वाहिली होती. संशोधन बुद्धीवर चालते हे खरे, पण ते पगारावरही चालते. आज संगणकशास्त्रात संशोधन कोण करतो आणि कोण करू शकत नाही, याचे उत्तर या दुसऱ्या वाक्यात आहे.

संगणक संशोधक आणि सॉफ्टवेअर इंजिनियर यांत फरक काय, असे पुष्कळ पालक विचारतात. सोप्या भाषेत सांगायचे तर संशोधक नवी रीत शोधतो आणि आम्ही ती वापरून गिऱ्हाइकाचे काम करून देतो. ही जमात फार लहान आहे. 2023 मध्ये अमेरिकेसारख्या देशात सोळा-सतरा लाख सॉफ्टवेअर डेव्हलपर होते, पण सरकारी आकडेवारीत संगणक संशोधक म्हणून नोंदलेले लोक होते फक्त 36,600. त्यांचा मधला वार्षिक पगार 1,45,080 डॉलर होता आणि 2033 पर्यंत या जागा 26 टक्क्यांनी वाढतील असा तिथल्या कामगार खात्याचा अंदाज होता. मूठभर लोक आहेत, पण उद्या कर्ज कोणाला मिळावे, नोकरीचा अर्ज कोणाचा पुढे जावा, कॅमेऱ्याने कोणाला संशयित ठरवावे, हे ठरवणाऱ्या यंत्रांचा पाया तेच घालतात.

आता आपल्याकडे पाहू. सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितले की आयआयटींच्या सर्व अभ्यासक्रमांतल्या 27,161 विद्यार्थ्यांमध्ये मुसलमान होते 894. म्हणजे 3.3 टक्के. लोकसंख्येत वाटा तेव्हा 13.4 टक्के होता. केंद्र सरकारच्याच 2020-21 च्या उच्चशिक्षण पाहणीत देशभरच्या विद्यार्थ्यांमध्ये मुस्लिमांचे प्रमाण 4.6 टक्के निघाले. आदल्या वर्षी ते 5.5 होते. यात जवळपास निम्म्या मुली आहेत ही आनंदाची गोष्ट, पण एकूण आकडा खाली घसरला ही काळजीची.

हे दुखणे एकट्या आपले नाही. 2015 ते 2019 या काळात आयआयटींनी पीएच.डी.ला जे प्रवेश दिले त्यांत अनुसूचित जातींचे 9.1 टक्के आणि अनुसूचित जमातींचे 2.1 टक्के होते. कायद्याने दिलेले आरक्षण 15 आणि साडेसात टक्के असताना ही अवस्था. ‘परीक्षा सर्वांना खुली आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत. परीक्षा सर्वांना सारखीच असते. परीक्षेनंतरची पाच-सहा वर्षे सर्वांना सारखी नसतात.

त्या वर्षांचा हिशेब मांडतो, कारण तो मी स्वतः केलेला आहे. मी मोरिवलीचा. अब्बा इथल्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होते. 2012 मध्ये मी इंजिनियर झालो तेव्हा गेटचा स्कोअर एम.टेक.ला पुरेसा होता. लोकलने ठाण्याला गाडी बदलली की कांजूरमार्ग, तिथून पवई जवळच. पण अंतर किलोमीटरचे नव्हते. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला तेव्हा महिना 8,000 रुपये मिळत. घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता होता, दोन बहिणी शिकत होत्या आणि ठेकेदार अब्बांना कधी काढेल याचा भरवसा नव्हता. त्या आकड्यांवर दुसरे उत्तर निघतच नव्हते. मी नोकरी धरली आणि बहिणी शिकल्या.

8,000 चे पुढे 12,400 झाले आणि तिथेच दहा वर्षे अडकले. पीएच.डी.ची फेलोशिप मात्र 2023 पासून पहिली दोन वर्षे 37,000 आणि नंतर 42,000 आहे. वर्षाचे 4 लाख 44 हजार. सर्व्हिस कंपन्या नव्या इंजिनियरला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, म्हणजे सुरुवातीला फेलोशिप चक्क जास्त आहे. ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे? गेटचा स्कोअर चांगला असेल तर एम.टेक. न करता बी.ई.नंतर आयआयटीत थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, हे किती जणांना ठाऊक आहे? कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये संगणकशास्त्राचे संशोधन चालते, हे तरी? पुढे आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर झाल्यास मूळ वेतनच 1,01,500 पासून सुरू होते. सत्काराच्या भाषणात हे का सांगत नाहीत?

तरीही नुसत्या माहितीने काम होणार नाही. फेलोशिपला पीएफ नाही, तिच्यावर घरासाठी कर्ज मिळत नाही आणि ती वेळेवर येईलच असे नाही. ज्याच्या घरी दुसरा कमावता आहे तो तीन महिने थांबतो. ज्याच्या घरी नाही तो बॅग भरतो.

अशा मुलांसाठी सच्चर समितीनंतर, 2009 मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली होती. मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, पारशी अशा सर्व अल्पसंख्याकांसाठी ती होती. 2014-15 ते 2021-22 या काळात 6,722 जणांची निवड झाली, 738.85 कोटी रुपये दिले गेले. डिसेंबर 2022 मध्ये लोकसभेत सांगण्यात आले की ही योजना इतर योजनांशी मिळतीजुळती आहे, म्हणून बंद. दोन दारे असली की एक भिंत करून टाकायची, असा हा न्याय आहे. आत येणारे आधीच कमी असताना दार बंद करायला कारण लागते, ‘दुसरे दार आहे’ हे कारण होत नाही.

याने बिघडते काय? 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या अबुबकर आबिद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जीपीटी-3 या भाषायंत्राची परीक्षा घेतली. ‘दोन मुसलमान आत शिरले…’ अशा धाटणीचे अपुरे वाक्य यंत्राला शंभर वेळा पुरे करायला दिले. शंभरपैकी 66 वेळा यंत्राने त्यात मारामारी, गोळीबार, बॉम्ब असे काहीतरी घातले. मुसलमानाच्या जागी दुसऱ्या धर्माचे नाव टाकले की प्रमाण बरेच खाली येई. यंत्र बनवणारे द्वेष्टे होते असे नाही. हा प्रश्न त्यांना पडला नव्हता, एवढेच. तो पडला अबुबकर नावाच्या माणसाला. पगार आणि प्रतिष्ठा हा एका घराचा फायदा झाला. प्रयोगशाळेत आपला माणूस असणे हा सगळ्या समाजाचा प्रश्न आहे, तो यासाठी.

म्हणून तीन मागण्या. पहिली सरकारकडे. मौलाना आझाद फेलोशिप परत सुरू करा. राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये अल्पसंख्याकांसाठी एमआरटीआय ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर तिने पीएच.डी.ची फेलोशिप द्यावी, त्यात संगणकशास्त्रासाठी राखीव जागा ठेवाव्यात आणि पैसे दर महिन्याला खात्यावर जमा करावेत.

दुसरी आपल्या जमातींकडे आणि ट्रस्टींकडे. फीसाठी मदत तुम्ही करता, त्याचा मान आहे. पण फी भरून मुलगा इंजिनियर झाला की मदत संपते, आणि संशोधनाची वर्षे तिथूनच सुरू होतात. सभागृहाला आणखी एक मजला चढवण्याआधी एका मुलाचे किंवा मुलीचे एम.टेक.चे दोन वर्षांचे घरखर्च उचला. महिना दहा हजार म्हणजे दोन वर्षांचे 2 लाख 40 हजार. एका लग्नाच्या जेवणावळीत एवढे सहज जातात.

तिसरी माझ्यासारख्यांकडे. आयटीत दहा-बारा वर्षे काढलेले आपले शेकडो लोक अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरमध्ये राहतात. रविवारी दोन तास गेटचा अभ्यास घ्या. प्रवेशाचे अर्ज भरून द्या. ‘तिशीपर्यंत शिकतच बसणार का?’ असे कोणी विचारले तर त्या आई-बापांसमोर बसून 37,000 चा हिशेब कागदावर मांडून दाखवा. येत्या सत्काराला पाहुणा म्हणून बोलावले तर शाल नाकारा आणि त्या शालीचे, हाराचे, मंडपाचे पैसे कोणत्या मुलीच्या एम.टेक.ला जाणार आहेत ते स्टेजवरूनच विचारा.