स्वस्त दुकानाचा मालक कोण?



मागे वरणगावच्या बैठकीत एका भावाने तावातावाने विचारले, "ही शहरातली मोठी दुकाने तूरडाळ स्वस्त विकतात, ती आमच्याच मानेवर सुरी ठेवून ना?" टाळ्या पडल्या. टाळ्यांआधी हिशेब मांडायला हवा होता. तो आज मांडतो.

डीमार्टचेच उदाहरण घ्या. मालक राधाकिशन दमाणी, मुंबईच्या शेअर बाजारात मुरलेले व्यापारी. किराण्याचा धंदा शिकायला त्यांनी आधी नेरूळला 'अपना बाजार'चे दुकान चालवायला घेतले. अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावच्या कामगारांनी उभी केलेली सहकारी संस्था. तिथला अनुभव गाठीशी बांधून त्यांनी २००२ साली पवईला स्वतःचे पहिले दुकान काढले. घाई केली नाही. २०१० पर्यंत दुकाने झाली जेमतेम पंचवीस. मार्च २०२५ अखेर ती ४१५ होती.

स्वस्ताईची मेख कशात आहे? एक, जागा बहुतेक स्वतःची. भाड्याचा भार नाही. दोन, माल देणाऱ्याचे पैसे आठ-दहा दिवसांत चुकते. रोखीने घेणाऱ्याला माल स्वस्तच मिळतो. तीन, नफा थोडा, पण माल झपाट्याने फिरतो. चार, मालकी घरात. २०१७ साली २९९ रुपयांनी शेअर लोकांना विकले, तरी कायद्याने सोडावा लागतो तो पाव हिस्सा वगळता कंपनी दमाणी कुटुंबाच्याच हातात राहिली. म्हणून आठ वर्षे दम धरता आला. नोकरदार साहेबाला वा पुढाऱ्याला असा दम धरवत नाही.

मग तुरीचा भाव पाडतो कोण? मे २०२१ मध्ये तुरीची आयात मोकळी केली ती दिल्लीच्या सरकारने. ऑगस्ट २०२५ मध्ये, आपला कापूस बोंडात असताना, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले तेही सरकारने. दुकानदार भाव पाहून घेतो. भाव पाडण्याची सुरी दिल्लीत आहे. दुकानावर दगड मारून ती बोथट होणार नाही.

आता स्वतःकडे पाहू. १९७२ साली आलेल्या एकाधिकार खरेदीने आपल्याला आपलाच कापूस मनासारखा विकू दिला नाही. त्यात खासगी खरेदीला वाट मिळाली २००२ साली. शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येईल, ही कायद्यातली दुरुस्तीही २००२ चीच. म्हणजे पवईचे दुकान उघडले, त्याच साली आपल्याही पायातली बेडी सैल झाली. ते कुठे पोचले आणि आपण कुठे?

आपण कागदोपत्री कंपन्या काढल्या. अनुदान संपले की कुलूप लागले. सभासदाने शेअर घेतला हजाराचा, आणि क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त दिसताच कापूस टाकला दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर. मीही टाकला आहे. कटती, तोलाई कापून हाती आले ते घेतले, आणि रुई-सरकीचा नफा दुसऱ्याच्या घरी गेला. त्याला मी चोरी म्हणत नाही. जिनिंग त्याचे, धोका त्याचा, नफा त्याचा.

संघटनेने १९९१ सालीच व्यापार शेतीचा मार्ग सांगितला होता. तो आता चालून पाहू. लगेच जिनिंग नको, कर्जात बुडू. आधी दादर आणि तूर घ्या. चाळणी, डाळीची गिरणी, पोत्यांची थप्पी मावेल असे शेड, तेही आपल्या भांडवलावर. सभासदाला आठ दिवसांत रोख. उधारी कुणालाच नाही, अध्यक्षाच्या मेहुण्यालाही नाही. पहिली पाच वर्षे नफा वाटायचा नाही. आणि सरकारी अनुदान मागायचे नाही; ज्याचे अनुदान, त्याची मालकी.

कायदा प्रत्येक सभासदाला एकच मत देतो. त्यामुळे एका घराची मालकी आपल्याकडे होणार नाही, हे बरेच आहे. पण एका घराची शिस्त पाचशे घरांना पाळता येईल का, एवढाच प्रश्न आहे.

जिल्हा बैठकीला येताना घोषणा पाठ करून येऊ नका. या प्रश्नाचे उत्तर घेऊन या. घामाचे दाम मागून झाले. आता दुकानाची किल्लीही आपल्याच कमरेला हवी.