रेघेबाहेरचा रंग

केळशीला आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात काकाने जपलेले ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे अंक आहेत. खाऱ्या हवेने पिना गंजल्या, पानं पिवळी पडली. पण वेताळाचा जांभळा रंग टिकून आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो रेघेबाहेर गेला आहे. छापताना रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसले नाहीत की असं होतं. सुपरहीरोपटांचं आपलं कौतुक या चुकीवर घासून बघावं, असं माझं म्हणणं आहे.

‘हुबेहूब कॉमिकसारखा’ ही शाबासकी आपण फार स्वस्तात वाटतो. २००९चा ‘वॉचमेन’ घ्या. झॅक स्नायडरने मूळ कॉमिकमधल्या कितीतरी चौकटी जशाच्या तशा उभ्या केल्या. पण डेव्ह गिबन्सच्या पानावर नऊ चौकटींची जाळी असते. कुठे थांबायचं, कधी मागे वळायचं, हे वाचणारा ठरवतो. सिनेमात ते दिग्दर्शक ठरवतो. पडद्यावर पोझ आली, पान आलं नाही. २००३च्या ‘हल्क’मध्ये अँग लीने पडद्याच्याच चौकटी पाडल्या. धाडस खरं, पण आत नेहमीचंच छायाचित्रण. कुंपण घातलं म्हणून बाग होत नाही.

कॉमिकची नजर खरी सापडली ती २०१८च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटाला. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. गुळगुळीतपणा यंत्र आयता देतं, तो नाकारायला मेहनत लागते, हे मला ठाऊक आहे. या मंडळींनी तो नाकारला. सेकंदाला २४ फ्रेम असूनही बऱ्याच ठिकाणी एकेक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं. वेगाने येणारा धूसरपणा काढून टाकला. दूरची वस्तू अंधुक करण्याऐवजी तिचे रंग सरकवले. म्हणजे माझ्या ट्रंकेतली चूकच त्यांनी शैली म्हणून वापरली.

२०२३च्या पुढच्या भागात तर ‘मुंबॅटन’ हे शहर रंगवताना त्यांनी थेट ‘इंद्रजाल’च्या अंकांवरून प्रेरणा घेतली. १९६४ ते १९९० या काळात टाइम्स समूहाने मुंबईतून काढलेले, मराठीतही निघणारे हे अंक. वेताळ ली फॉकचा, परका, हे मान्य. पण सुरुवातीच्या अनेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची होती आणि आबिद सुरतींचा बहादूर तर इथलाच. आपण ते सगळं रद्दीत घातलं आणि दुसऱ्यांनी पडद्यावर आणलं तेव्हा टाळ्या वाजवल्या.

“आपल्याकडे एवढा पैसा कुठे?” हे उत्तर मला पटत नाही. २०१५च्या ‘बाजी’ने मराठीला मुखवट्यातला नायक दिला, त्या धाडसाबद्दल आदर आहे. पण त्या पडद्यावर शाईची एक रेघ दिसत नाही. रेघ दिसायला आधी ती बघावी लागते, त्याला पैसा लागत नाही. याच कोकणात, खाली पिंगुळीला, चित्रकथीवाले रंगवलेली पानं एकामागून एक पुढे धरून गाऊन गोष्ट सांगतात. पान हलत नाही, गोष्ट हलते. चौकटीत गोष्ट सांगणं आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको.

पुढचा मराठी सुपरहीरो काढणाऱ्याने कॅमेरा भाड्याने घेण्याआधी जुन्या अंकांची एखादी ट्रंक उघडावी. आमची केळशीला आहेच. फक्त लवकर यावं, वाळवी वाट बघत नाही.