नाव एक, हद्द कोणाची?

गावात ‘पाटील’ म्हटले की त्याच गावचा पाटील. शेजारच्या गावचा म्हणायचा असेल तर गावाचे नाव जोडावे लागते. प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही नावांना अशी हद्द असते, तिला स्कोप म्हणतात. ‘काय हवे ते सांगा, कसे काढायचे ते यंत्र पाहील’ अशा धाटणीच्या डिक्लरेटिव्ह भाषांत या हद्दीची फारशी चिंता नको, असा एक समज आहे. मला तो उलटा वाटतो. पायऱ्या लिहून दिलेल्या असतात तिथे चूक निदान पायरीपायरीने हुडकता येते. इथे हातात नुसते वाक्य असते, आणि त्यातले नाव कोणाचे यावरच सारा अर्थ ठरतो.

एसक्यूएलचेच पाहा. आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 साली मांडलेली ही भाषा आज डेटाबेसच्या दुनियेत सर्वत्र आहे. समजा, ‘ग्राहक’ टेबलातून असे ग्राहक काढून टाकायचे आहेत, ज्यांचा ग्राहक_क्रमांक ‘बंद_खाती’ या टेबलात सापडतो. पण बंद_खातीमध्ये त्या नावाचा कॉलमच नाही; तिथे आहे खाते_क्रमांक. आतल्या सबक्वेरीत ग्राहक_क्रमांक लिहिले, तर डेटाबेस चूक दाखवत नाही. आत नाव मिळाले नाही, म्हणून तो मुकाट्याने बाहेरच्या टेबलातले उचलतो. आता प्रत्येक ग्राहकाचा क्रमांक स्वतःशीच ताडला जातो आणि अर्थातच जुळतो. बंद_खातीमध्ये एक जरी ओळ असली, तरी क्रमांक असलेला प्रत्येक ग्राहक पुसला जातो. व्याकरण शुद्ध, परिणाम भयंकर.

प्रोलॉग ही 1972 च्या सुमारास मार्सेत जन्मलेली भाषा याबाबत शहाणी निघाली. तिथे व्हेरिएबलची हद्द एका नियमापुरती. पुढच्या नियमातला त्याच नावाचा ‘क्ष’ वेगळा. शिवाय एखादे नाव नियमात एकदाच आले, तर बहुतेक प्रोलॉग प्रणाली हटकतात: टंकताना काही चुकले का?

यावर जाणकार म्हणतील, आतून बाहेरचे दिसणे गरजेचेच आहे. आपल्या विभागाच्या सरासरीहून जास्त पगार घेणारे कर्मचारी शोधायचे तर दुसरा सोपा मार्ग कोणता? मान्य. पण त्या उदाहरणात आत-बाहेर एकच टेबल असल्याने कोणत्या प्रतीतला विभाग, हे टोपणनाव देऊन आधीच सांगावे लागते. तोच दंडक सगळीकडे लावला तर बिघडते काय? एसक्यूएलचे प्रमाणीकरण 1986 मध्ये झाले, नियम बदलला तर जुने आदेश मोडतील, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. म्हणून बंदी नको, इशारा हवा. इशाऱ्याने काही मोडत नाही. तो येईपर्यंत सबक्वेरीतल्या प्रत्येक कॉलमआधी टेबलाचे नाव लिहा. वरच्या आदेशात ‘बंद_खाती.ग्राहक_क्रमांक’ लिहिले असते, तर तो चाललाच नसता.