खोडदचे कान वाचवा

अंधेरी-घाटकोपरच्या आकाशातून तारे नाहीसे झाले तेव्हा आपण फारशी हाकाटी केली नाही. हौशी आकाशनिरीक्षकांनी कर्जत लोकल धरून वांगणी-नेरळ गाठले. रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना आता अशी पळवाट उरलेली नाही. नारायणगावजवळची खोडदची जीएमआरटी दुर्बीण जमिनीवरून आणि आकाशातून, अशी दोन्हीकडून घेरली जात आहे.

रेडिओ खगोलशास्त्राची भारतातली मुहूर्तमेढ मुलुंडच्या पुढे, कल्याणला रोवली गेली, हे किती उपनगरवासीयांना ठाऊक आहे? होमी भाभांच्या बोलावण्यावरून गोविंद स्वरूप 1963 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या सहा फुटी 32 तबकड्या त्यांनी 1965 मध्ये कल्याणला उभ्या केल्या आणि 610 मेगाहर्ट्झच्या आसपास सूर्याचे निरीक्षण सुरू केले. अनेक तबकड्यांचे संकेत जुळवून त्यांच्याकडून एकाच मोठ्या दुर्बिणीचे काम करून घ्यायचे, ही यातली युक्ती. तबकड्यांमधले अंतर वाढवले की तपशील अधिक बारीक दिसतो. कल्याणला हे अंतर काही शे मीटर होते. खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. 2019 मध्ये कृष्णविवराचे पहिले चित्र देणाऱ्या दुर्बिणींच्या जाळ्याने तर जवळजवळ पृथ्वीएवढे अंतर वापरले.

आजच्या कल्याणात, मोबाइल मनोऱ्यांच्या आणि वाय-फायच्या गर्दीत, तो प्रयोग होणे नाही. चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला तर रेडिओ आकाशातल्या सर्वांत ठळक स्रोतांत त्याची गणना होईल, इतके खरे तारे आणि दीर्घिका क्षीण असतात.

खोडदला काय पणाला लागले आहे ते एका निरीक्षणावरून कळते. तेथे टिपलेला, 8.8 अब्ज वर्षे प्रवास करून आलेला हायड्रोजनचा संकेत जानेवारी 2023 मध्ये जाहीर झाला. हायड्रोजनची मूळ कंप्रता 1420 मेगाहर्ट्झ, आणि तिच्या भोवतीची पट्टी आंतरराष्ट्रीय नियमांनी खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दुरून येणारा संकेत ताणला जातो. हा सापडला 620 मेगाहर्ट्झच्या आसपास, राखीव पट्टीच्या कितीतरी बाहेर. म्हणजे विश्वाच्या बालपणाचा शोध घेणाऱ्यांना नियमांचे कवच सर्वांत कमी मिळते. आमच्या मते धोक्याचे मूळ इथे आहे, आणि सार्वजनिक चर्चेत ते जवळजवळ येतच नाही.

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा वाद मात्र गाजला. 2024 च्या अखेरीस केंद्राने जीएमआरटीचे कारण देऊन नारायणगावचा मार्ग बदलण्याची भूमिका घेतली, आणि जुन्नर-आंबेगावच्या लोकांना अन्याय झाल्याचे वाटले. त्यांची रेल्वेची मागणी रास्त आहे. पण विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या मोठ्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात, हेही तितकेच खरे. मोजमापांवर आधारलेला तोडगा दोघांसमोर ठेवणे सरकारचे काम होते. शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांना समोरासमोर उभे करून कोणाचेच भले होणार नाही.

आकाशातले संकट याहून मोठे आहे. एखाद्या गावातला गोंगाट दूरदूरच्या सगळ्या तबकड्यांपर्यंत सारखा पोहोचत नाही, म्हणून काही अंशी तो गाळता येतो. उपग्रह मात्र सर्वांच्याच डोक्यावर असतो. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीने 2024 मध्ये दाखवून दिले की उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंक कंपनीच्या नव्या पिढीच्या उपग्रहांतून अनाहूत झिरपणारे तरंग आधीच्या पिढीपेक्षा 32 पटींपर्यंत प्रखर आहेत. याच कंपनीला जून 2025 मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने परवाना दिला. डोंगराळ पाड्यावरच्या शाळेला इंटरनेट मिळावे, याबद्दल दुमत नाही. पण उपग्रहाच्या उपकरणांतून झिरपणाऱ्या तरंगांवर मर्यादा घातली म्हणून इंटरनेट बंद पडत नाही.

दक्षिण आफ्रिकेने 2007 मध्ये आपल्या दुर्बिणींच्या परिसरासाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत ग्रीन बँकभोवती 1958 पासून रेडिओ शांतता क्षेत्र आहे. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए दुर्बिणीतील सहभागासाठी भारताने 1250 कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिथल्या शांततेवर पैसा लावणाऱ्या केंद्राने खोडदसाठी तसाच बंधनकारक कायदा संसदेत आणावा. झिरपणाऱ्या तरंगांची मर्यादा आणि खोडदवरून जाताना प्रक्षेपण आवरण्याची अट प्रत्येक उपग्रह कंपनीच्या परवान्यात घालावी, आणि ती पाळली जाते की नाही हे मोजण्याचा अधिकार पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राला द्यावा. उपनगरांतल्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनातच विचारावा.