मोरपिसात निळा रंग नसतोच!



'वस्तू ज्या रंगाचा प्रकाश परावर्तित करते, त्या रंगाची ती दिसते.' हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी फळ्यावर लिहिलं आहे. मीही लिहिलं. तेव्हा आठवीच्या एका मुलीनं वहीत जपलेलं मोरपीस काढलं आणि विचारलं, "बाई, याचा निळा रंग पाण्यात उतरत का नाही? आणि पीस जरा फिरवलं की हिरवा कसा दिसतो?" मी म्हणाले, "रंग पक्का असतो गं. चला, पुढचा मुद्दा." माझं उत्तर चुकीचं होतं. त्या मुलीनं वर्षभर पुन्हा प्रश्न विचारला नाही, ही त्याहून मोठी चूक.

तुम्ही एक करून बघा. गळून पडलेलं मोरपीस खिडकीसमोर धरा आणि पलीकडून येणाऱ्या उजेडात त्यातून बघा. निळाई नाहीशी होते, पीस तपकिरी दिसतं. कारण त्यात निळं रंगद्रव्य नाहीच! आहे ते मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच. शांघायच्या फुदान विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं, की मोरपिसात मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या ओळीनं रचलेल्या असतात. निळ्या भागात दोन कांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्या भागात १५०, पिवळ्या भागात १६५. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात, म्हणजे बघा किती बारीक फरक!

पण अंतरानं रंग कसा बदलतो? मुलांना झोक्याचं उदाहरण द्या. योग्य वेळी धक्का दिला की झोका चढत जातो, भलत्या वेळी दिला की मंदावतो. जाळीच्या प्रत्येक ओळीवरून थोडा थोडा प्रकाश मागे फिरतो. ज्या तरंगलांबीचे हे छोटे तरंग ताल जुळवून परततात, तो रंग झळकतो. बाकीचे एकमेकांना मारक ठरतात. पीस फिरवलं की प्रकाशाचा मार्ग बदलतो, म्हणून ताल बदलतो, म्हणून रंगही.

अशा रचनेला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकेतील एली याब्लोनोविच आणि भारतीय वंशाचे सजीव जॉन यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. योग्य जाळी रचली, तर ठरावीक तरंगलांबीचं विद्युतचुंबकीय प्रारण तिच्यातून कुठल्याच दिशेनं जाऊ शकणार नाही. याब्लोनोविच यांच्या गटानं पुढे एका ठोकळ्यात तीन तिरप्या दिशांनी भोकं पाडून सूक्ष्मलहरी अडवून दाखवल्या. लहर मोठी, म्हणून भोकंही मोठी. नियम तोच.

अडवता येतं, तसं वळवता आणि घडवताही येतं. साध्या अर्धवाहक लेसरचा झोत बाहेर पडताच पसरतो, म्हणून त्याच्यापुढे भिंग लावावं लागतं. जपानमधील क्योटो विद्यापीठात सुसुमु नोदा यांच्या गटानं लेसरच्या आतच भोकांची जाळी बसवली. प्रकाश जाळीच्या प्रतलात फिरतो, ताल जुळवतो आणि पृष्ठभागातून काटकोनात बाहेर येतो. २०२३ मध्ये त्यांनी ३ मिलिमीटर व्यासाच्या अशा लेसरमधून ५० वॅटचा झोत मिळवला. त्याचा पसारा अवघा ०.०५ अंश!

आता काही जण म्हणतील, "हे अभ्यासक्रमात नाही, परीक्षेला येत नाही." मान्य. फोटॉनिक क्रिस्टल हा शब्द आठवीत पाठ करून घ्या, असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं इतकंच, की फळ्यावरच्या त्या वाक्याखाली आणखी एक वाक्य लिहा: 'रंग पदार्थातून येतो, तसा रचनेतूनही येतो.' त्याला दहा मिनिटं आणि एक पीस पुरतं. पीस नसेल तर साबणाचा फुगाही चालेल. तिथे जाळी नसते, पण पातळ पापुद्र्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या तरंगांचा ताल जुळण्याची गोष्ट तीच.

आणि पालकहो, मुलानं घरी असा प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर "माहीत नाही, चल बघू" म्हणा. मी त्या दिवशी एवढं म्हणाले असते, तर त्या वर्गात पुढे आणखी कितीतरी प्रश्न आले असते.