थंड इंजिनाचं कौतुक

आमच्या भागात मिस्त्रीची हुशारी एका वाक्यावर ठरते. “मालक, आता तुमची गाडी जन्मात तापणार नाही.” हे ऐकून मालक खूश होतो, वर चहाचे पैसे देतो. माझं म्हणणं असं की, हे ऐकल्यावर त्यानं घाबरायला पाहिजे.

अण्णांनी जुनाच घेतलेला १२१० ट्रक ऊस वाहायचा. एका मार्चमध्ये घाटात त्याचं पाणी उकळलं. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढला, हातावर नाचवला आणि म्हणाला, “ह्यो वॉल थंड मुलखातल्या लोकांसाठी असतोय अण्णा. आपल्याकडं काय काम त्येचं?” आणि दिला भंगारात टाकून.

पुढच्या हंगामात थंडीत रात्रीच्या खेपा सुरू झाल्या. तापमानाचा काटा तळातून हलेना. सकाळी पांढरा धूर, डिझेलचा खर्च वाढला. आम्ही रेडिएटरपुढं गोणपाट बांधायचो. तेवढ्यापुरता काटा उठायचा, गोणपाट काढलं की पुन्हा खाली. एक दिवस डिपस्टिक बघून अण्णा म्हणाले, “बघ, गाडी ऑइल खातच न्हाय. उलट वाढलंय!” आम्ही आनंदात. ऑइलला डिझेलचा वास येत होता, तो कुणी हुंगला नाही.

दोन हंगामांत इंजिन खोललं. लायनर झिजलेले, रिंगा गेलेल्या. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. गाडी जुनी होती, सगळा दोष एकट्या थंडपणाचा नसेल. पण वाटा मोठा होता, हे मी आज ठामपणे सांगतो.

आता त्या “थंड मुलखा”चं बघू. भर उन्हाळ्यात आपल्याकडं हवा चाळीस अंशांवर जाते. इंजिनातल्या पाण्याला ऐंशीच्या पुढं जायचं असतं. म्हणजे आपला वैशाखसुद्धा इंजिनाला गारच! थर्मोस्टॅटमधलं मेण तापून फुगलं की तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडं सोडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरवत ठेवतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरात गार होत राहतं. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही. न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. मग पातळ झालेल्या ऑइलवर गाडी ओढायची आणि कौतुक करायचं, तापत नाही म्हणून!

आणि मुळात घाटात पाणी का उकळलं? आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी ओतत होतो. रेडिएटरच्या नळ्या क्षारानं बुजल्या होत्या. दुखणं तिथं होतं आणि आम्ही काढून टाकला पहारेकरी.

तपासायला डोकं फार लागत नाही. आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. मग सकाळी गार इंजिन चालू करून, पंख्यापासून जपून, रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि मग पटकन तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर समजा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, नाहीतर जागेवरच नाही. असलाच तर काढून दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडा, शेजारी थर्मामीटर धरा, खाली चूल पेटवा. त्याच्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. गार पाण्यातच तोंड वासून असेल तर नवा आणा.

मिस्त्रींवर माझा राग नाही. अडलेल्या गाड्या त्यांनीच रात्री-अपरात्री चालत्या केल्यात. राग आहे तो “काढून टाका” या सल्ल्यावर, आणि तो मुकाट मानणाऱ्या आम्हा मालकांवर. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर काटा पहिल्यांदा मधोमध आला, तेव्हा अण्णा घाबरून म्हणाले, “आरं, तापतीया की!”

म्हटलं, “तापू दे अण्णा. आता कुठं ती कामाला लागलीय.”